सोनबा, चल आता घरी

माझं नाव उद्धव. कारखान्यात मला उद्धवराव म्हणतात, घरी अहो म्हणतात आणि वसाहतीत उद्याराव म्हणतात. हे तिसरं नाव शेजारच्या अर्जुनरावांनी ठेवलेलं आहे. वाचनालयाचं उद्घाटन उद्या, नाटकाची तालीम उद्या, कॅरमची बक्षिसं उद्या, असं आमच्या मंडळाचा चिटणीस या नात्याने मी चारदोनदा म्हणालो असेन. अर्जुनराव हिशेबखात्यात आहेत. हिशेबखात्यातला माणूस दुसऱ्याचं बोलणं विसरत नाही. पुढे पुढे हे नाव इतकं रुळलं की नव्या पोस्टमनने आमच्या दारात उभं राहून, माझ्या बायकोला, "उद्यारावांचं घर हेच ना?" असं विचारलं. तिने "हो" म्हणून पत्र घेतलं. मला राग पोस्टमनचा आला नाही, त्या "हो"चा आला.

सिनेमाचं सगळं प्रकरण या नावामुळे घडलं. मला कलेची फार ओढ होती अशातला भाग नाही.

आमचा कारखाना औषधांच्या बाटल्यांची बुचं करतो. पिंपरीला तेव्हा नवे नवे कारखाने उभे राहत होते, त्यांतला हा सगळ्यात धाकटा. माणसं मात्र चहूकडून आलेली. कोणी नगरचे, कोणी बीडचे, कोणी थेट रत्नागिरीहून आलेले. एकाची भाजी दुसऱ्याला तिखट लागायची आणि तिसऱ्याला गोड. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं, आणि ते म्हणजे सोनबाची गाणी. बुचं मोजताना लोक ती म्हणत, बायका नळावर म्हणत, लग्नाच्या वरातीत बँडवाले वाजवत. आमच्या कँटीनचा दत्तोबा रावेतचा. तो चहा गाळताना हटकून म्हणायचा :

थारोळ्यात पाणी पडं, पाटानं घे धाव रं,
ज्याच्या त्याच्या वाफ्यावरती ज्याचं त्याचं नाव रं;
दिस गेला डोंगराआड, सावल्या आल्या दारी,
सोनबा, चल आता घरी.

गाणी पुष्कळ होती, पण प्रत्येकाची अखेर याच ओळीने व्हायची. जुन्या कवींची रीतच आहे, शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालायचं. त्यामुळे गाणी सोनबाची आहेत हे शेंबडं पोरही सांगायचं. सोनबा कोण, कुठला, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. गाणं चांगलं असलं की माणूस पत्ता विचारत नाही.

त्या वर्षी गणपतीत मुंबईहून मोठे साहेब आले. आरतीनंतर दत्तोबाने गाणं म्हटलं, साहेबांनी मान डोलावली आणि मला विचारलं, "कोणाचं हो हे?" मी म्हणालो, "सोनबा म्हणून आपल्या इकडचा मोठा कवी आहे." साहेब म्हणाले, "अशा माणसावर काहीतरी व्हायला हवं." मागे अर्जुनराव उभे होते. ते हळूच म्हणाले, "उद्या होईल." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आमचं मंडळ सोनबाच्या जीवनावर सिनेमा काढतंय. काम सुरू आहे."

साहेब खूष झाले. कारखान्याच्या वाढदिवसाला तो दाखवायचा, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मी वळून अर्जुनरावांकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी, अगदी मनापासून टाळ्या वाजवत होते. तेव्हाच मला भीती वाटली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सिनेमा कशाने काढतात हे तरी माहीत आहे का?" मी म्हणालो, "कॅमेऱ्याने." ती म्हणाली, "मग ठीक आहे," आणि ताट वाढायला गेली. तिचं नाव सुमन. ती वाद घालत नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. समोरच्या शालनबाई म्हणाल्या की सिनेमात निदान एक तरी बारसं हवं, त्याशिवाय बायका येणार नाहीत. एकजण म्हणाला, गाणी झाडाभोवती घ्या. याला सिनेमा म्हणावं, माहितीपट म्हणावं, की वर्तमानपत्रात येतं तसं अनुबोधपट म्हणावं, यावर मंडळाची बैठक दिवेलागणीपर्यंत चालली आणि शेवटी "पट" एवढ्यावर एकमत झालं. सोपानराव मास्तरांनी तर सोनबाच्या काव्यावर निबंधच वाचला. हे पेन्शनीत निघालेले शिक्षक. आमच्यात संस्कृत जाणणारे तेवढेच, त्यामुळे त्यांना अडवणारं कोणी नाही. ते म्हणाले, "मोट म्हणजे देह. पाणी म्हणजे आयुष्य. आणि 'चल आता घरी' म्हणजे मोक्ष. कवी आपल्याच जिवाला हाक मारतो आहे. हा साधा कवी नव्हे, हा अधिकारी पुरुष आहे." आम्ही माना डोलावल्या. मोटेतलं पाणी वांग्यांना जातं हे आमच्यातल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, पण निबंधापुढे कोणी बोललं नाही.

कॅमेरा अन्वरभाईंकडे होता. पिंपरीच्या बाजारात त्यांचा फोटोचा स्टुडिओ. कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीचा हाताने फिरवायचा सिनेमाचा कॅमेरा त्यांनी जुन्या बाजारातून आणला होता आणि त्यावर ते शेठजींच्या घरची लग्नं घेत. कॅमेरा चालू झाला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. "मशीन बाप है," अन्वरभाई म्हणाले. "पण उद्धवभाऊ, कच्ची फिल्म म्हणाल तर सरकारी परवान्याशिवाय मिळत नाही. अर्ज टाका. तोवर माझ्याकडं एक कोरं रीळ पडलंय, त्यावर भागवू."

मी दत्तोबाला विचारलं, "सोनबा कोण रे?"

"आमच्या ज्योतीराम आण्णाचा," दत्तोबा म्हणाला. "रावेतला मळा हाय त्यांचा, नदीकडंला."

"आहे का अजून?"

"न्हाई वो. गेला की. तीन सालं झाली."

मी हळहळलो. थोर माणूस आपल्याला कळतो तो गेल्यावरच, असं काहीसं दत्तोबाला म्हणालोही. "व्हय, लई थोर व्हता," दत्तोबा म्हणाला.

रविवारी सायकल मारत मी रावेतला गेलो. ज्योतीराम आण्णा पन्नाशीचा, उंच आणि हाडापेराने दणकट माणूस. विहिरीवर मोट हाकत होता. मी सोनबाचं नाव काढताच त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा बैलांच्या मागे धावेच्या उतारावरून खाली गेला. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, शिष्य असेल किंवा धाकटा भाऊ. त्याची बायको, मंजुळाबाई, खोपीसमोर शेंगा फोडत बसली होती. तिने मला घोंगडं टाकलं, पाणी दिलं, आणि मी विचारेन त्याची उत्तरं दिली. ती मी वहीत लिहून घेतली.

"सोनबाचा जन्म कुठला?"

"चाकणकडचा. तितल्याच बाजारात गाठ पडली ह्यांची. आमच्याकडं आला तवा चार दाती व्हता."

मी लिहिलं : जन्म चाकण. अगदी तान्हेपणी, जेमतेम चार दात असताना, या कुटुंबाने त्याला आश्रय दिला.

"शिक्षण?"

"ह्यांनीच शिकीवलं. पयला जरा बिचकायचा. मंग इशाऱ्यावर चालाय लागला. एका हाकंला यायचा बगा. लई गुणी."

"स्वभाव कसा होता?"

"गरीब. कुणाच्या अंगावर गेला न्हाई कवा. खाण्याचं तेवढं वेड, कडवाळ म्हणलं की सगळं सोडायचा."

कडवाळ हे काही पक्वान्न असावं असं समजून मी ते लिहून घेतलं. मग जरा संकोचाने विचारलं, "लग्न झालं होतं का त्यांचं?"

मंजुळाबाईने पदर तोंडाला लावला. "त्याचं कसलं आलंय लगीन. त्याला ल्हानपणीच त्यातनं मोकळा केला व्हता."

मी लिहिलं : आजन्म ब्रह्मचारी. बालपणीच विरक्ती.

"आणि शेवट?"

आता ती हसायची थांबली. "धावंवर पाय घसारला, मोडला. दोन म्हैनं बसून व्हता. ह्यांनी उशापायथ्याला बसून हातानं भरवलं. डोळ्यांतनं पानी काढायचा, पर वरडला न्हाई. त्या चिंचंखाली पुरलाय." तिने हात केला तिकडे चिंचेखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. "तवापासनं ह्यांच्या तोंडातनं एक गाणं न्हाई. मोट हाकत्यात, पर मुक्यानं. सायेब, तुमी त्याचं काय करायचं ते करा, पर ह्यांना बोलतं करा. घरात दोनच माणसं, त्यातलं एक मुकं. कसं दिस काढायचं?"

मी तिला शब्द दिला. "उद्या" म्हणालो नाही, हे मुद्दाम सांगतो.

"पुरलाय" या शब्दाने मी जरा अडखळलो होतो. बैठकीत तो वाचून दाखवल्यावर सोपानराव मास्तर ताडकन उठले. "मी काय म्हणत होतो? गृहस्थाला अग्नी देतात. पुरतात कोणाला? संन्याशाला. ब्रह्मचारी, विरक्त, अल्पाहारी..." अल्पाहारी नव्हता, असं मी सांगणार होतो, पण सभेला गहिवर आला होता. ती समाधीच आहे, असं ठरलं. ही बातमी साहेबांना कळवली. साहेबांनी मुंबईहून उत्तर पाठवलं की ते जातीने येऊन समाधीला पुष्पहार घालतील आणि ते दृश्य सिनेमात घ्यावं.

इकडे पुण्याच्या कचेरीत माझा अर्ज अडकला होता. कच्च्या फिल्मच्या खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, "चरित्रनायक हयात आहे की मयत?" मी म्हणालो, "मयत." "दाखला आणा." मी रावेतच्या तलाठ्याकडे गेलो. तलाठ्याने सगळी पानं उलटली आणि म्हणाला, "या नावाचा इसम इथं मेलेला नाही." मी म्हणालो, "समाधी आहे हो." तो म्हणाला, "असेल. पण मयत नाही." आणि त्याने तसंच लिहून दिलं. तो कागद घेऊन मी पुन्हा खिडकीपाशी. गृहस्थांनी तो दोनदा वाचला. "मेला नाही म्हणजे हयात आहे. हयात आहे म्हणजे त्याची संमती लागणार. सही आणा. सही येत नसेल तर अंगठा." मी विचारलं, "गेलेल्या माणसाचा अंगठा कसा आणू?" ते म्हणाले, "ते तुम्ही तलाठ्याशी बोला."

या फेऱ्यांमध्ये मी निगडीचा रस्ता, पिंपळे गुरवचा रस्ता, नदीतली उताराची जागा, सगळं पाठ केलं. सायकलला दोनदा पंक्चर झालं आणि एकदा कुत्रं मागे लागलं. अर्जुनराव रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारत, "काय, कुठवर आला पट?" मी म्हणायचो, "अंगठ्यापाशी अडलाय." ते म्हणायचे, "म्हणजे उद्या." बायको हे आतून ऐकत असे. तिने एकदा मला नुसतंच विचारलं, "तुम्हाला हे करायचंच आहे ना?" मी हो म्हणालो. मग तिने साहेबांच्या हारासाठी झेंडूची फुलं स्वतः ओवायला घेतली.

साहेबांचा दिवस उजाडला. मळ्याच्या वाटेवर पाटाचं पाणी फुटलेलं होतं, त्यात त्यांची मोटार रुतली. ज्योतीराम आण्णाने काही न बोलता मोटेचे बैल सोडून आणले आणि मोटार ओढून काढली. साहेबांच्या पांढऱ्या पाटलोणीवर चिखल उडाला होता. ते म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," पण तसं ते दिसत नव्हतं. चिंचेखाली मंडळाचे सभासद, निम्मं गाव, आणि मागे आडोशाला बायका. अन्वरभाईंनी तिकाटण्यावर कॅमेरा चढवला होता. सोपानराव मास्तरांनी भाषण सुरू केलं. "हे योगिराज" इथपासून सुरुवात होती. गावकरी आदराने ऐकत होते. भाषण संस्कृतकडे झुकलं की आमच्याकडे आदर आपोआप येतो.

भाषण चालू असताना साहेबांनी माझ्या हातातली कागदपत्रं घेतली. सगळं त्यांना रीतसर लागतं. चाळून म्हणाले, "उद्धवराव, परवान्याचा अर्ज अजून अपुरा आहे. अंगठा राहिलाय."

मी हळूच सांगितलं की तीच अडचण आहे.

"अहो, जुना एखादा कागद असेल घरात. खत, पावती, काहीतरी. त्यावर असेल की त्यांचा अंगठा. विचारा ना बाईंना."

मला हे सुचलं नव्हतं. साहेब लोक साहेब का होतात ते अशा वेळी कळतं. मी मंजुळाबाईला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, सोनबाचा अंगठा मिळेल का कुठे? जुन्या कागदावर?"

मंजुळाबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अंगठा कुठनं आणू, सायेब? त्याला खूर व्हतं."

मास्तरांचं भाषण थांबलं. अन्वरभाईंचा कॅमेरा तेवढा घरघरत राहिला.

"खूर म्हणजे?" साहेबांनी मला विचारलं.

"रूपक असावं," मास्तर म्हणाले.

"रूपक नव्हं, बैल," दत्तोबा म्हणाला. "मोटंचा बैल व्हता सोनबा. गाणी आण्णांची. मोट हाकताना बांधायचे. शेवटची खेप झाली, नाडा सोडला, की सोनबाला हाक मारायचे, चल आता घरी म्हणून. मंग तेच गाण्याचं शेपूट झालं." मी त्याला विचारलं की हे तू आधी का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, "तुमी इचारलं सोनबा कोण. म्या सांगितलं, आमच्या आण्णाचा. माणूस हाय का, आसं तुमी इचारलंच न्हाई."

चार दात, ब्रह्मचर्य आणि कडवाळ नावाचा हिरवा चारा, सगळं एकदमच माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आयुष्यात मी एकदाच वही इतक्या घाईने खिशात घातली आहे. मागे अर्जुनराव खोकू लागले. तो खोकला नव्हता हे मला कळलं, आणि त्यांना दोष द्यावा असंही वाटलं नाही. साहेब एका हातात झेंडूचा हार आणि दुसऱ्या हातात माझा अर्ज घेऊन उभे होते. गावकऱ्यांनाही आता उमगलं होतं की योगिराज कोणाला म्हणत होते. आधी बायकांत खसखस पिकली आणि मग सगळा मळा हसायला लागला.

हसला नाही तो ज्योतीराम आण्णा. तो पुढे आला. तीन वर्षांत पहिल्यांदा लोकांपुढे बोलला म्हणतात, ते हे :

"फुलं आणलीच हायती तर घाला सायेब. त्यानं धा वरीस पानी दिलंय."

साहेबांनी चिखलाच्या पाटलोणीनिशी खाली वाकून, शेंदराच्या दगडाला हार घातला. मला त्या क्षणी साहेब फार आवडले. आण्णा दगडापाशी बसला आणि त्याने खांद्यावरच्या पंचाच्या टोकाने डोळे पुसले. हसणं आपोआप बंद झालं. सोपानराव मास्तरांनीही हात जोडले. त्यांनी मनात काय म्हटलं ते कळलं नाही, पण या वेळी ते मराठीत असावं.

एवढं होऊनही सिनेमा होऊ शकला असता. मी मनाशी म्हटलं, सोनबा नाही तर ज्योतीराम. खरा कवी तर सापडला. अन्वरभाईंनी सगळं टिपलं आहे, साहेबांनी बैलाला हार घातला हे तर कोणत्याच सिनेमात नसेल. रीळ धुवायला मुंबईला गेलं. परत आलं ते अन्वरभाईंनी स्टुडिओत पडदा लावून मला दाखवलं. पडद्यावर चिंच होती, साहेब होते, मास्तरही होते, आणि त्या सगळ्यांच्या अंगावरून एक लग्नाची वरात चालली होती. मास्तरांच्या पोटातून बँडवाले निघत होते. साहेब वाकले ते बरोबर नवरीच्या पायाशी.

"या खुदा," अन्वरभाई म्हणाले. "हे तर शेठच्या मुलीचं लग्न. मी कोरं समजलो." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "पण भाऊ, वरात काय साफ आली आहे."

कारखान्याच्या वाढदिवसाला मांडव भरला होता. पडदा टांगलेला होता, कारण तो उतरवून घ्यायचं धैर्य मला झालं नाही. साहेब पुढच्या रांगेत, त्यांच्या शेजारी अर्जुनराव. मी व्यासपीठावर चढलो. बोलायचं काय हे ठरवलेलं नव्हतं. सिनेमा आज दाखवता येत नाही, एवढं म्हणालो, आणि पुढचा शब्द काय यायला हवा ते सगळ्या मांडवाला ठाऊक होतं. मागच्या रांगांतून ते मला सांगायलाही लागले : "उद्या, उद्या." मी माईकचा दांडा धरून उभा राहिलो. सुमन बायकांच्या बाजूला बसली होती. ती खाली बघत होती. मला नोकरी सोडून गावी जावंसं वाटलं, हे खरं सांगतो.

तेवढ्यात मांडवाच्या दारातून ज्योतीराम आण्णा आला. अंगात धुतलेला सदरा, मागे मंजुळाबाई. तो सरळ व्यासपीठावर चढला, मला म्हणाला, "बसा दादा जरा," आणि माईककडे न बघता गायला लागला. त्याला माईकची गरजही नव्हती. गाणं नवं होतं.

बैलाला ह्यो साधू म्हणं, शाण्याची ही तऱ्हा रं,
खुराचा ह्यो अंगठा मागं, चिटणीस लई बरा रं;
फिलिम गेली वऱ्हाडात, फुलं ऱ्हायली दारी,
उद्धवा, चल आता घरी.

अशी सात-आठ कडवी होती. तलाठी होता, खिडकीवाले गृहस्थ होते, कुत्रं होतं, साहेबांची पाटलोण होती. हे सगळं, अगदी रिळाची गोष्टसुद्धा, कँटीनमार्गे दत्तोबाने आण्णाकडे पोचवलेलं असणार. दुसऱ्या कडव्यापासून सगळा मांडव शेवटची ओळ धरून गायला लागला. साहेब मांडीवर ताल देत होते. अर्जुनरावही गात होते, आणि त्यांच्या तोंडून माझं नाव मी प्रथमच नीट ऐकलं. सुमनने मान वर केली होती. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. दोन्ही एकदम करता येतं, हे लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.

गाणं झाल्यावर मी आण्णाला बाजूला घेतलं. म्हटलं, "आण्णा, शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घाला की. लोकांना कळू दे कोणाचं गाणं ते."

"माजं नाव घालून हाक कुणाला मारू?" आण्णा म्हणाला. "सोनबा गेला तवापासनं त्या वळीत कुणी बसंना. वळच पुरी व्हईना, मंग गाणं कुटलं? तुमी आलासा. इतके हेलपाटं घातलं, उनातानाचं, कुणी हसलं तरी थांबला न्हाईसा. म्हणलं, ह्ये नाव बसतंय."

यात माझा गौरव झाला की काय झालं, ते मी अजून ठरवलेलं नाही. मंजुळाबाई मात्र जाताना माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "घरात आता दिसभर बडबड करत्यात. कान किटलं माजं." तिने भुईमुगाच्या शेंगांचं एवढं मोठं गाठोडं सुमनच्या हातात दिलं.

गाणं पसरायला वेळ लागला नाही. चाकणच्या बाजारापासून निगडीपर्यंत ते पोचलं. कारखान्याचा भोंगा झाला की सगळी शिफ्ट एका सुरात म्हणते, "उद्धवा, चल आता घरी." उद्याराव हे नाव आता कोणाच्या लक्षातही नाही. आण्णा एकामागून एक गाणी बांधतो आहे आणि सगळ्यांच्या शेवटी मीच आहे.

मागच्या महिन्यात पुण्याहून एक प्राध्यापक आले. लोकगीतं जमवतात. दारात उभे राहून त्यांनी सुमनला विचारलं, "लोककवी उद्धव इथेच राहतात का?" तिने "हो" म्हणून त्यांना आत घेतलं. हा "हो" मला वेगळा वाटला. प्राध्यापक आधी रावेतला जाऊन आले होते. त्यांनी खुर्चीवर बसून वही उघडली.

"तिथे एक मंजुळाबाई म्हणून आहेत, त्यांनी आपल्याबद्दल बरीच माहिती दिली. त्या म्हणाल्या, उद्धव लई गुणी. पहिल्यांदा जरा बिचकायचा, मग इशाऱ्यावर चालायला लागला. एका हाकेला येतो. हे काही नीट कळलं नाही. आणि त्या म्हणाल्या, आपल्या आधी त्या जागी कोणी सोनबा होते. ते आपले गुरू का?"

स्वयंपाकघराच्या दारात सुमनने पदर तोंडाला लावला होता. मी प्राध्यापकांकडे पाहिलं. भला माणूस होता. उन्हातून सायकल मारत आला होता, आणि त्याचा पेन वहीवर तयार होता.

"गुरूच," मी म्हणालो. "आता समाधिस्थ आहेत. त्यांच्या जागी मला जुंपलंय."